वॉरंटी संपल्यावर फ्रिज बंद पडला तर

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या फ्रिजनं मान टाकली. सकाळी दुधाचं पातेलं बाहेर काढलं तर ते कोमट. वरचा बर्फ वितळून भाजीच्या ट्रेमध्ये साचलेला, कोथिंबीर त्यात पोहतेय. आतला दिवा मात्र लख्ख. फ्रिज घेऊन चौदा महिने झाले होते आणि कार्डावर वॉरंटी बारा महिन्यांची. घरात सगळ्यांचं एकच मत पडलं: गेले पैसे.

आमचं गाव बिरसी काही गोंदियापासून फार लांब नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथं धावपट्टी बांधली, तिचा आता विमानतळ झालाय. वैमानिक व्हायला आलेल्या पोरांची छोटी विमानं दिवसभर आमच्या डोक्यावर घिरट्या घालत असतात. कंपनीचा इंजिनिअर मात्र सहाव्या दिवशी उगवला. त्या सहा दिवसांत आणि पुढच्या दोन महिन्यांत जे शिकलो, त्यातलं निम्मं चुका करून शिकलो. म्हणून ते क्रमानं लिहितो. क्रमाला फार महत्त्व आहे. माझं घोडं कायद्यापाशी अडलं नाही, क्रम चुकल्यामुळे अडलं.

सुरुवात करण्याआधी

कार्डावर छापलेली तारीख म्हणजे कंपनीनं स्वतःहून दिलेल्या वचनाची मुदत. बारा महिने काही विचारणार नाही, फुकट दुरुस्त करून देऊ, एवढाच तिचा अर्थ. त्याखेरीज कायदा ग्राहकाला जे देतो ते वेगळं, आणि ते कार्डावर छापलेलं नसतं. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचं कलम १६ सांगतं की विकलेला माल विकण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे, ही अट न लिहिताही सौद्यात असते. त्याच कलमाच्या शेवटी म्हटलंय की लेखी वॉरंटी दिली म्हणून ही न लिहिलेली अट रद्द होत नाही; दोन्हींचा एकमेकांशी विरोध असेल तरच होते. शंभरीला टेकलेला हा कायदा दुकानदारांना माहीत नसतो आणि कॉल सेंटरला तर नसतोच.

दुसरा आधार ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि १९८६ चा जुना कायदा गेला. त्याच्या कलम २(१०) मध्ये ‘दोष’ कशाला म्हणायचं ते सांगितलंय: मालाचा दर्जा, प्रमाण, शुद्धता किंवा मानक यांत कायद्यानुसार, करारानुसार (मग तो उघड असो वा गृहीत) किंवा विक्रेत्याच्या दाव्यानुसार जे हवं होतं त्यात राहिलेली उणीव. या व्याख्येत बारा महिने हा शब्द कुठेच नाही. जन्मापासून असलेला दोष चौदाव्या महिन्यात उघडा पडला, म्हणून तो दोष नाही असं होत नाही.

मात्र एक फरक पडतो, आणि तो मोठा आहे. वॉरंटीत असताना तुम्हाला काही सिद्ध करावं लागत नाही. वॉरंटी संपल्यावर बिघाड मुळातला आहे, वापरानं झालेला नाही, हे दाखवण्याचा भार तुमच्यावर येतो. पुढची सगळी कृती त्या एका भारासाठी आहे.

आणि ही कृती कुणासाठी नाही तेही सांगतो. दहा वर्षं चाललेल्या वॉशिंग मशीनसाठी नाही. पंख्याचं बुश, फ्रिजच्या दाराचं रबर, मिक्सरचं कपलर हे झिजणारच. शेजारच्या चार जणांना विचारा, ‘ही वस्तू इतके दिवस तरी चालायला हवी होती ना?’ चौघंही ‘हो’ म्हणाले तर पुढे वाचा. नाहीतर गावातला मिस्त्री बरा.

साहित्य

पक्कं बिल, वॉरंटी कार्ड, फोनमधला कॅमेरा, एक वही, आणि स्टॅबिलायझर लावला असेल तर त्याचंही बिल. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक आणि वस्तूचा अनुक्रमांक असला पाहिजे. पुष्कळ दुकानांत ‘बिल कशाला, कर वाढेल’ म्हणून कच्ची चिठ्ठी देतात आणि आपणही शे-पाचशे वाचले म्हणून खुश होतो. बिल न देणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, पण चौदा महिन्यांनी चिठ्ठी हातात घेऊन ते भांडण्यात अर्थ नाही. मशीनवर छापून निघणाऱ्या चकचकीत बिलाची शाई एका उन्हाळ्यात उडते. माझं बिल कपाटात होतं, पण कोरं. दुकानदाराच्या कॉम्प्युटरमधून दुसरी प्रत काढून आणायला गोंदियाच्या दोन चकरा झाल्या.

बिल दुसऱ्याच्या नावावर असलं तरी घाबरू नका. आपल्याकडे मुलीच्या लग्नात आंदण म्हणून फ्रिज-कपाट जातं आणि बिल बापाच्या नावावर असतं. खरेदीदाराच्या संमतीनं वस्तू वापरणाराही कायद्यानं ग्राहकच आहे, तेव्हा तक्रार ती मुलगी करू शकते. किराणा दुकानात आईस्क्रीमचा डीप फ्रीझर ठेवून पोट भरणाराही ग्राहक आहे. धंद्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही खरी, पण स्वतः राबून उपजीविका करण्यासाठी घेतलेली बसते.

पहिली पायरी: हात लावू नका

माझी मुख्य चूक इथेच झाली. मे महिना, घरात लग्नाचे पाहुणे, आणि पाणी गरम. मी गावातल्या ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं मागची पत्र्याची पाटी खोलली, आत टॉर्च मारला, टेस्टरनं दोन तारा तपासल्या आणि म्हणाला, ‘कॉम्प्रेसर गेलं वाटते भाऊ. कंपनीवाल्यालेच बोलवा.’ शंभर रुपये घेऊन गेला. निदान चुकीचं होतं. पण त्याहून वाईट गोष्ट म्हणजे पाटीच्या स्क्रूवर चिकटवलेलं छोटं पांढरं सील फाटलं. सहा दिवसांनी आलेल्या इंजिनिअरनं सगळ्यात आधी त्या सीलचाच फोटो काढला.

म्हणून वस्तू बंद पडली की प्लग काढा आणि थांबा. प्लग काढण्याआधी एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या: दिवा लागतोय, थंड होत नाही, आवाज येतोय की नाही. पॅनेलवर एखादा कोड चमकत असेल तर तो व्हिडिओत आला पाहिजे, कारण वीज गेली की कोड जातो. मग मागच्या स्टिकरचा फोटो: मॉडेल, अनुक्रमांक, उत्पादनाचा महिना. सील शाबूत असल्याचा फोटो. वहीत तारीख आणि वेळ.

दूध खराब झालं त्याचाही फोटो घ्या. मी घेतला नाही, मला तो प्रकार हास्यास्पद वाटला.

दुसरी पायरी: कार्ड पुन्हा वाचा

वॉरंटी एक नसते, एकाच वस्तूवर तीन-चार असतात. पूर्ण फ्रिजवर एक वर्ष, कॉम्प्रेसरवर पाच किंवा दहा, वॉशिंग मशीनच्या मोटरवर वेगळी. दुकानात स्टिकर मोठा लावतात ‘१० वर्षं’ असा, आणि ती दहा वर्षं फक्त एका लोखंडी डब्याची असतात. कॉम्प्रेसर गेला तर डबा फुकट, पण गॅस भरणं, मजुरी, वाहतूक तुमची. हे सगळं बारीक अक्षरात असतं. वाचा, नाहीतर घरातल्या शाळकरी पोराला मोठ्यानं वाचायला सांगा.

माझा फ्रिज इन्व्हर्टरवाला. त्यातला कॉम्प्रेसर थेट विजेवर फिरत नाही. मागे हातभर अंतरावर एक छापील बोर्ड असतो, तो त्याला हवा तसा वीजप्रवाह देतो. बोर्ड मेला की कॉम्प्रेसर जिवंत असूनही मुकाट बसतो. आणि कॉम्प्रेसरवर दहा वर्षं असताना बोर्डावर एकच वर्ष. बैलाची दहा वर्षांची हमी द्यायची आणि जुवाची एका वर्षाची, तसला प्रकार. पण जाहिरातीत ‘इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवर १० वर्षं’ असं म्हटलं असेल, तर ज्याच्याशिवाय तो कॉम्प्रेसर फिरूच शकत नाही तो भाग बाहेर कसा, हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मी पत्रात तो विचारला.

तारीखही तपासा. वॉरंटी बिलाच्या दिवसापासून मोजतात की बसवल्याच्या दिवसापासून, ते कार्डावर बघा. वॉरंटी चालू असताना तक्रार नोंदवली असेल आणि माणूस नंतर आला असेल, तर तारीख तक्रारीची धरायची. आपल्याकडे ‘तुमचं गाव आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून पंधरा दिवस सहज जातात. तेवढ्यात वॉरंटी संपली तर तो तुमचा दोष नव्हे, आणि नोंदणीचा एसएमएस हा त्याचा पुरावा. वॉरंटीत एकदा दुरुस्त होऊन तोच बिघाड पुन्हा आला असेल तर तुमची बाजू फारच भक्कम. जुनी जॉबशीट शोधा.

वाढीव वॉरंटी घेतली असेल तर ती कुणी दिली ते पाहा. फ्रिज एका कंपनीचा, वाढीव वॉरंटी भलत्याच कंपनीची, असं असू शकतं. ती पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, तेव्हा ती नाकारली तर सेवेतली त्रुटी म्हणून त्या दुसऱ्या कंपनीवर वेगळी तक्रार करता येते.

तिसरी पायरी: कंपनीच्या माणसाकडून कागद घ्या

टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा आणि क्रमांक वहीत लिहा. त्याच दिवशी ई-मेलही करा. पत्ता आणि नंबर वेष्टनावर असतात. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे ते छापणं बंधनकारक आहे. फोनवर जे ठरलं ते रात्री दोन ओळींत मेल करून टाकायचं: ‘आज दुपारी आपल्या प्रतिनिधीशी बोलणं झालं, ते असं म्हणाले.’ ऑनलाइन खरेदी असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं.

इंजिनिअर आला की चहा द्या, पण जॉबशीट वाचल्याशिवाय सही करू नका. त्यावर काय बिघडलं ते भागाच्या नावासकट हवं. ‘नॉट वर्किंग’ किंवा ‘कस्टमर रिफ्यूज्ड’ एवढंच लिहिलेला कागद तुमच्या काही कामाचा नाही, उलट तुमच्यावरच उलटतो. आमच्याकडे आलेला पोरगा चांगला होता. बोर्ड काढून दाखवला, एका कोपऱ्यात काळपट डाग होता. मग पेन काढून म्हणाला, ‘व्होल्टेजनं उडालं लिहितो.’

इथं सावध राहा. घरातलं उपकरण मेलं की पहिला आरोपी म्हणजे वीज. आणि आपल्या भागात तो आरोप खपूनही जातो. उन्हाळी धानाला मोटारपंप लागले की संध्याकाळी बल्ब पिवळे पडतात हे सगळ्यांना माहीत. मी त्याला म्हटलं, ‘भाऊ, तुमच्याच मीटरनं मोजा न, आणि जो आकडा येईल तो लिवा.’ २२६ आला. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा, म्हणजे बरोबर. त्यानं तो आकडा लिहिला, वर स्टॅबिलायझर आहे असंही लिहिलं. आख्ख्या प्रकरणात माझ्या बाजूनं पडलेली ती सगळ्यात दमदार ओळ, आणि ती कंपनीच्याच माणसाच्या अक्षरात होती.

खरोखरच दाब चढून उपकरण गेलं असेल तर गोष्ट वेगळी. खांबावरची न्यूट्रल तार तुटली की घरात दुपटीच्या जवळ दाब येतो, आणि मग एकट्या तुमचं नाही, आळीतल्या चार घरांचे टीव्ही जातात. त्यात उपकरणाच्या कंपनीचा काही दोष नाही. त्या दिवशीच १९१२ वर महावितरणकडे तक्रार नोंदवा, शेजाऱ्यांनाही नोंदवायला लावा. वीज कायदा २००३ खाली ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, तिथं दाद मागायची.

चौथी पायरी: खर्चाचा अंदाज लेखी घ्या, मग ठरवा

बोर्ड, भेट शुल्क आणि मजुरी मिळून मला ४,८५० रुपये सांगितले. तोंडी नको, कागदावर किंवा मेसेजवर द्या म्हणालो. मग दोन रस्ते होते.

फ्रिज तसाच ठेवून भांडायचं, किंवा पैसे भरून चालू करायचा आणि भांडायचं. औषधं किंवा लहान मूल घरात असेल तर दुसरा रस्ता घ्या, उन्हाळ्यात तत्त्वासाठी कुणी आजारी पडू नये. पैसे भरताना पावतीच्या दोन्ही प्रतींवर ‘हक्क राखून, तक्रारीसह भरले’ असं लिहून सही करा. काढलेला जुना भाग मागून घ्या. कंपनी तो द्यायला कुरकुर करते. पण तुम्ही पैसे मोजत असाल तर भाग तुमचा, आणि दोषाचा पुरावा त्याच्यातच आहे.

वॉरंटीबाहेर पैसे देऊन केलेली दुरुस्ती ही एक स्वतंत्र, नवी सेवा असते. बदललेल्या भागावर बहुधा वेगळी छोटी वॉरंटीही मिळते, पावतीवर शोधा. पंधरा दिवसांत फ्रिज परत बंद पडला तर ‘वॉरंटी कधीच संपली’ हे उत्तर चालत नाही. त्या दुरुस्तीतली त्रुटी म्हणून तक्रार करता येते. फ्रिजची वॉरंटी केव्हा संपली याचा तिथं काही संबंध नाही.

अधिकृत सेवा केंद्र कुठं आहे, सुटे भाग मिळतात का, हे केंद्र सरकारच्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवर पाहता येतं. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी ते सुरू झालं. सगळ्या कंपन्या त्यावर नाहीत, पण बघायला पैसे पडत नाहीत.

पाचवी पायरी: पत्र

वकिलाची नोटीस लागत नाही. साध्या कागदावर, स्वच्छ भाषेत, शिव्याशाप न घालता लिहिलेलं पत्र पुरतं. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला एक, दुकानदाराला एक. दोघांनाही पाठवायचं, कारण नंतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपा, पोच झाल्याचा ऑनलाइन तपशील छापून ठेवा. माझ्या पत्राचा मजकूर साधारण असा होता:

‘विषय: फ्रिज मॉडेल क्र. …, अनुक्रमांक …, बिल क्र. … दिनांक …, मालातील दोषाबाबत.

महोदय, वरील फ्रिज मी आपल्या विक्रेत्याकडून रु. … ला विकत घेतला. खरेदीनंतर चौदा महिन्यांनी, दि. … रोजी, तो थंड करणे पूर्ण बंद झाले. त्याच दिवशी तक्रार क्र. … नोंदवली. आपल्या प्रतिनिधीने दि. … रोजी तपासणी करून इन्व्हर्टर बोर्ड निकामी झाल्याचे जॉबशीटवर लिहिले आहे. त्या वेळी विद्युतदाब २२६ व्होल्ट होता व फ्रिज स्टॅबिलायझरवर होता, हेही त्यात नमूद आहे.

साध्या घरगुती वापरात हा भाग चौदा महिन्यांत निकामी होणे हा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(१०) प्रमाणे मालातील दोष आहे. आपण कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी जाहीर केली आहे. या बोर्डाशिवाय तो कॉम्प्रेसर चालू शकत नाही. तरी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत सदर बोर्ड विनामूल्य बदलून द्यावा. अन्यथा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, गोंदिया येथे दाद मागण्यावाचून मला पर्याय राहणार नाही.’

सोबत बिल, कार्ड, जॉबशीट आणि फोटो यांच्या झेरॉक्स. मूळ कागद कुणालाही द्यायचे नाहीत, अगदी गोड बोलणाऱ्या एरिया मॅनेजरलाही नाहीत.

मागणी किती करायची यावर माझं मत ठाम आहे: एक भाग गेला असेल तर एक भाग मागा. गावात सगळे म्हणतात, नवा फ्रिजच माग, पन्नास हजार भरपाई माग. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश टिकवला नाही, कारण वॉरंटी सदोष भाग बदलून देण्यापुरती होती. तीनदा दुरुस्त होऊनही वस्तू चालत नसेल तेव्हा पूर्ण बदली किंवा पैसे परत मागायला जोर येतो, पहिल्या बिघाडात नाही.

सहावी पायरी: १९१५

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा ‘आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो’ छापाचं आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. मराठीत बोलता येतं. ते तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात आणि तुम्हाला क्रमांक देतात. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीवर सक्तीही करू शकत नाही. पण कॉल सेंटरच्या पोराऐवजी तुमचा कागद वरच्या टेबलावर जातो, आणि पुष्कळदा तेवढंच हवं असतं.

सातवी पायरी: गोंदियाचा आयोग

जुन्या कायद्यात जिथं कंपनी किंवा तिची शाखा असेल, किंवा जिथं व्यवहार घडला, तिथं जावं लागे. नव्या कायद्यानं तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याची सोय केली. मुलानं नागपूरला घेतलेला फ्रिज बिरसीत बिघडला तरी तक्रार गोंदियात चालेल. कार्डाच्या तळाशी ‘वाद फक्त दिल्ली न्यायक्षेत्रात’ अशी ओळ असेल तर ती पाहून माघारी फिरू नका.

वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. घरातला कुठलाही फ्रिज, टीव्ही, एसी यात बसतो. वकील असलाच पाहिजे असं नाही. हवा असेल आणि परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यांची हेल्पलाइन १५१००.

तक्रार स्वतः नेऊन देता येते किंवा ‘ई-जागृती’ पोर्टलवर भरता येते. २०२५ च्या सुरुवातीला जुन्या ‘ई-दाखिल’ची जागा त्यानं घेतली. तक्रारीत घटना तारीखवार लिहा, पाच पानांपेक्षा जास्त नको. सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागदांची यादी. कंपनी आणि दुकानदार दोघांना विरुद्ध पक्ष करा.

दाखल झाल्यावर साधारण २१ दिवसांत ती स्वीकारायची की नाही ते ठरतं. विरुद्ध पक्षाला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ४ मार्च २०२० ला सांगितलंय. दोष चाचणीशिवाय कळणार नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागतं. जपून ठेवलेला जुना बोर्ड इथं उपयोगी पडतो. कायदा म्हणतो की निकाल तीन महिन्यांत, चाचणी लागली तर पाच महिन्यांत. त्या हिशेबानं पुढच्या उन्हाळ्याचं नियोजन करू नका. मध्येच मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर ऐकून घ्या, त्यात कमीपणा नाही.

हरलात तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील, आपल्याला नागपूरचं खंडपीठ जवळ. जिंकलात आणि कंपनीनं आदेश पाळला नाही तर कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

बिघडलेल्या उपकरणानं पेट घेतला, भिंत जळली, कुणाला इजा झाली, तर तो आणखी वेगळा रस्ता आहे: उत्पादन दायित्व, कलम ८२ पासून पुढे. त्यात माणसाची इजा आणि इतर मालमत्तेचं नुकसान येतं. खुद्द बिघडलेली वस्तू त्यात मोजत नाहीत, तिच्यासाठी वर सांगितलेलाच मार्ग. अशा वेळी फोटो आणि पंचनामा झाल्याशिवाय राख झाडू नका.

आणि मुदत. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, कलम ६९. पत्रापत्री करत राहिलं म्हणून मुदत वाढत नाही. ‘विचार चालू आहे’ असं दर दोन महिन्यांनी कळवून दोन वर्षं सहज काढता येतात, हे कंपन्यांनाही माहीत असतं. सर्वात आधीची तारीख धरून मोजा आणि वहीच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहा.

माझं आयोगापर्यंत गेलं नाही. पत्रानंतर अकराव्या दिवशी फोन आला. बोर्ड फुकट देऊ म्हणाले, भेट शुल्क आणि मजुरी मात्र तुमची, कारण सील बाहेरच्या माणसानं तोडलंय. त्यांनी फोटो पाठवला, पाटीच्या स्क्रूवरचा तो फाटका पांढरा कागद. मी ८५० रुपये भरले. शंभर रुपयांच्या मिस्त्रीसकट तो फ्रिज मला ९५० ला पडला.

तुमचा फ्रिज आज चालू असेल तर संध्याकाळी दोनच गोष्टी करा. बिलाचा फोटो, आणि मागच्या स्टिकरचा.